माझी हिरावलेली रात्रपाळी

मित्रांनो, मी दात सरळ करणारा एक जुना अलायनर आहे, आणि ती गोष्ट आठवली की आजही माझं डोकं फिरतं. दिसायला मी काचेसारखा, पण आहे प्लास्टिकचा. दोन हजार आठ साली नाशिकच्या एका दवाखान्यातून मी मखमलाबादच्या सायलीच्या वरच्या दातांवर येऊन बसलो. तिच्या दातांचा ठसा घेऊन मला बनवलं होतं, पण मुद्दाम केसभर वेगळं. तिचा एक सुळा आत वळला होता. पंधरा दिवस मी त्याला बाहेर रेटायचं आणि मग पुढच्या अलायनरने काम हाती घ्यायचं, असं ठरलं होतं. रांगेत मी पहिला.

सायली सोळा वर्षांची. पहाटे शेवंती तोडायची, फुलबाजारात विकायची आणि मग कॉलेजला जायची. गिऱ्हाइकाशी बोलतानासुद्धा तोंडावर ओढणी! सहा महिने वडिलांच्या मागे लागून तिने मला मिळवलं होतं. त्यामुळे ती मला जिवापाड जपायची. जेवताना काढायची, दात घासून लगेच घालायची. दातांत बी अडकायला नको म्हणून पेरू तर तिने सोडूनच दिला.

आता माझं दुखणं ऐका. दिवसा मला धड काम करता येत नाही. चहा झाला, काढा. भाकरी आली, काढा. माझं खरं काम असतं ते झोपेत! पोर झोपली की सात-आठ तास मला कुणी हात लावत नाही. मी सुळ्याला सलग रेटत राहतो आणि हळूहळू हाड वाट देतं. आणि माझी नेमकी हीच वेळ सायलीच्या वडिलांनी, रंगनाथअप्पांनी, हिरावून घेतली.

अप्पांना कवळी होती. तंबाखूने दात गेले, तेव्हा याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती बसवली होती आणि बजावलं होतं, रात्री काढून पाण्यात ठेवायची. अप्पांनी तो नियम मलाही लावला. मला ते "प्लास्टिकची कवळी" म्हणायचे. पहिल्याच रात्री म्हणाले, "काढ ते, सायले. झोपताना हिरड्यांना इसावा लागतो. मला डॉक्टरनं सोताच्या तोंडानं सांगितलंय."

सायलीने लहानपणापासून अप्पांना तेच करताना पाहिलेलं. तिला शंका तरी कशी यावी? तिने निमूटपणे मला काढलं आणि मी स्टीलच्या वाटीत कवळीच्या शेजारी जाऊन पडलो. अहो, कवळीला विश्रांती शोभते, तिला कुठे कुणाला रेटायचंय? माझं काय? रात्रभर मी पाण्यात तडफडायचो आणि तिकडे सुळा बिनधास्त परत जागेवर जायचा. सकाळी सायली मला दाबून बसवायची, तेव्हा तिच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी सुळा पाहिला. सुळा जिथल्या तिथे.

"घालतेस का रोज?"

"हो, रोज घालते."

"खोटं बोलू नकोस! मला कळत नाही का? अजून पंधरा दिवस देतो. मग हे बंद, सरळ तारा लावणार."

मला तोंड असतं ना, तर तिथेच भांडलो असतो! ती पोर घरी जाऊन हमसून हमसून रडली. मग तिने चहा सोडला, डबा नेणं बंद केलं, दिवसभर मला तोंडातून काढेना. आणि रात्री? रात्री मी वाटीत.

पुढच्या वेळी अप्पा सोबत आले. डॉक्टर पुन्हा सुरू झाले, "तुमची मुलगी घालतच नाही आणि वर खोटं बोलते."

"साहेब, पोरगी उपाशी राहती पण ते काढत नाय," अप्पा म्हणाले. "रात्री झोपताना काढती तेवढंच. माझ्या कवळीवानी."

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. "रात्री काढते? अहो, रात्रीच तर ते घालायचं असतं! कवळी वेगळी, हे वेगळं."

अप्पांचा चेहरा उतरला. "मग चूक माझी हाय. मीच काढायला लावलं."

"असू द्या, झालं ते झालं."

"असू द्या कसं?" अप्पांचा आवाज चढला. "माझ्या लेकीला दोनदा खोटारडी म्हणालात. आधी तिला सांगा, ती खोटं बोलत नव्हती."

डॉक्टर घुटमळले. मग सायलीकडे वळून म्हणाले, "माझं चुकलं गं. तू खरंच सांगत होतीस."

त्या रात्रीपासून मला माझी रात्र मिळाली आणि तीन आठवड्यांत सुळा हलला. माझं काम संपलं, माझ्या जागी दुसरा आला. मी आता डबीत असतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण मित्रांनो, माझ्यासारख्याला झोपताना काढू नका. आणि मोठ्यांनो, पोर "घालते" म्हणत असेल, तर तिच्यावर ओरडण्याआधी विचारा, "रात्री काय करतेस?" एवढं एक वाक्य कुणी विचारलं असतं, तर सायली पंधरा दिवस उपाशी राहिली नसती.