लपणाबाहेर

पक्ष्याला मोजता येत नाही, एवढ्या एका गोष्टीवर वसुमतीबाईंचे आयुष्यातले निम्मे रविवार गेले. घरट्याजवळ उभारलेल्या लपणात दोन माणसं शिरली आणि त्यातलं एक बडबडत दूर निघून गेलं, की पक्ष्याला वाटतं, झालं, ब्याद टळली. मग तो निर्धास्तपणे घरट्यावर येऊन बसतो आणि आत उरलेला माणूस त्याचे फोटो काढतो. आत उरायचं ते प्राणेशरावांनी आणि बडबडत निघून जायचं ते वसुमतीबाईंनी, असा पायंडा लग्नानंतर लवकरच पडला आणि तो पुढे कधी बदलला नाही.

प्राणेशराव मल्लेश्वरमला राहत, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. आठवडाभर ते मान खाली घालून काम करत, पण रविवार उजाडला की त्यांच्या अंगात वेगळंच वारं शिरे. कधी हेसरघट्ट्याचा तलाव, कधी नंदीचा डोंगर, कधी आनेकलकडची शेतं. बसच्या टपावर बांबू आणि किंतानाचं लपण चढवायचं, कॅमेरा लेकरासारखा मांडीवर घ्यायचा, आणि मागून फराळाचा डबा सांभाळत वसुमतीबाई. एवढ्या वर्षांत त्या लपणात एकदाही बसल्या नव्हत्या. त्यांनी पक्षी जवळून पाहिले ते फोटोतच. बाई सोशीक होत्या. जरा जास्तच, असं म्हणायला हरकत नाही. पण फोटो चांगला आला की प्राणेशराव घरभर गुणगुणत हिंडायचे, आणि त्या गुणगुणण्यावर बाई खूश असायच्या.

काम संपलं की प्राणेशराव गळ्यातली शिट्टी वाजवत. ती वाजल्यावरच बाईंनी परत यायचं. हा नियम त्यांनी एकदाच मोडला होता. हेसरघट्ट्याला आभाळ काळंकुट्ट झालं म्हणून त्या छत्री घेऊन लपणाकडे धावल्या, आणि घरट्यावरून उडालेली मादी काही केल्या परत आली नाही. अंडी वाया गेली. प्राणेशराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पुढे कित्येक दिवस ते ताटाकडे बघत मुकाट्याने जेवत राहिले. तेव्हापासून शिट्टी वाजल्याशिवाय लपणाकडे पाऊल टाकायचं नाही, अशी बाईंनी मनाशी गाठ बांधली.

त्रेसष्ट सालच्या थंडीत प्राणेशरावांच्या छातीत कळ आली. जिवावरचं दुखणं थोडक्यात निभावलं. डॉक्टरांनी ओझी बंद केली, चढण बंद केली, ऊन बंद केलं. त्यात उन्हाळ्याच्या तोंडाला आनेकलजवळच्या मालोजीचा निरोप आला. मालोजी पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेला मराठा शेतकरी. त्याच्या रानाला लागून असलेल्या कोरड्या तळ्यात टिटवी बसली होती आणि अंडी आता फुटायला आली होती.

"एवढं एकच, वसू," प्राणेशराव म्हणाले. "टिटवीचं पिल्लू अंडं फोडून बाहेर येताना मला अजून एकदाही मिळालेलं नाही. मग कॅमेरा तुझ्या हाताने कपाटात ठेव."

"आणि आत काही झालं तर?"

"शिट्टी आहे ना गळ्यात! जरा काही वाटलं की वाजवीन. शब्द देतो."

वसुमतीबाईंना नाही म्हणायचं होतं. पण दुखण्यानंतर पहिल्यांदाच त्या चेहऱ्यावर त्यांना तेज दिसलं, आणि त्या हो म्हणून बसल्या.

मालोजीने लपण दोन दिवस आधीच उभं करून ठेवलं होतं, म्हणजे टिटवीला त्याची सवय झालेली असावी. सकाळी दोघं आत शिरली. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडून नुसतं आभाळ डोक्यावर घेत होती. प्राणेशराव स्टुलावर बसले, कॅमेरा फटीला लावला, आणि त्यांनी बाईंना जायची खूण केली. बाई बाहेर पडल्या आणि नेहमीप्रमाणे मोठमोठ्याने बोलत चालू लागल्या. डाळ संपली आहे, सत्यवतीअक्काकडे हळदीकुंकवाला जायचं आहे, दूधवाला हल्ली पाणी घालतो आहे.

बांधावरच्या करंजाखाली मालोजी बैलगाडी सोडून बसला होता. त्याला हसू आलं. "अक्का, कुणासंगं बोलताय हो?"

"टिटवीशी. दुसरं कोण ऐकतंय माझं?" बाई म्हणाल्या आणि सावलीला टेकल्या.

थोड्याच वेळात ओरडणं थांबलं. टिटवी अंड्यांवर बसली. आता बाईंचं काम फक्त ऐकायचं होतं. कॅमेऱ्याचा खटका उडाला की टिटवी दचकते, ओरडत चार पावलं पळते आणि पुन्हा येऊन बसते. तेवढ्या ओरडण्यावरून बाईंना फोटो निघाल्याचं कळायचं. एकदा ओरडली. जरा वेळाने पुन्हा ओरडली. बाईंना बरं वाटलं; आज घरी गुणगुणणं ऐकायला मिळणार.

मग सगळं शांत झालं.

आधी त्यांना वाटलं, टिटवी सरावली. ऊन तापलं, करंजाची सावली आखडत आली, तरी आवाज नाही. टिटवी सरावेल, पण इतकी? टिटवी ओरडत नाही याचा अर्थ खटका वाजत नाही. आणि समोर अंडी फुटत असताना हे गृहस्थ खटका न दाबता गप्प बसतील?

पण काही झालं असतं तर शिट्टी वाजली असती. शब्द दिला होता. कदाचित पिल्लाची वाट बघत श्वास रोखून बसले असतील. त्यात आपण धावत गेलो आणि टिटवी उडाली, तर त्यांचा हा शेवटचा फोटोही आपणच घालवला असं होईल. ते ताटाकडे बघत जेवणं बाईंना पुन्हा नको होतं. त्या उठल्या, बसल्या, परत उठल्या.

मालोजीच्याही ते ध्यानात आलं. "अक्का, सायबास्नी हाक मारू काय?"

"नको, नको. स्वल्प थांब," बाई म्हणाल्या. "शिट्टी वाजवतील ते."

मालोजी थांबला. बाईही थांबल्या. तळ्यावर ऊन नुसतं रणरणत होतं आणि टिटवीचा हूं की चूं नव्हता.

"मरू दे ती अंडी!" बाई अचानक ओरडल्या आणि पदर खोचून धावत सुटल्या. टिटवी किंचाळत उठली. बाईंनी किंतान बाजूला ओढलं.

प्राणेशराव बांबूला टेकून बसले होते. चेहरा राखेसारखा, कपडे घामाने भिजलेले, एक हात छातीवर. शिट्टी तिथेच त्या हाताशी लोंबत होती. समोर दगडगोट्यांत फुटक्या कवचाशेजारी एक ओलं पिल्लू मान वर करायची धडपड करत होतं. बाईंनी इतक्या जवळून पक्षी कधी पाहिला नव्हता, आणि आत्ता त्यांना तो बघवेना.

मालोजीने प्राणेशरावांना उचलून गाडीत घातलं. बाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पदराची सावली धरली. त्यांना प्राणेशरावांची चीड आली होती, टिटवीची चीड आली होती, आणि सगळ्यात जास्त स्वतःची.

"शिट्टी का नाही वाजवलीत? शब्द दिला होतात ना मला!"

"पिल्लू अर्धं बाहेर आलं होतं," प्राणेशराव तुटक आवाजात म्हणाले. "आई उडाली असती गं. उन्हात मेलं असतं ते."

"आणि तुम्ही?"

त्यांनी डोळे उघडले. या प्रश्नाचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं. "मी म्हटलं, तू येशीलच. शिट्टी कशाला हवी? टिटवी ओरडत नाही म्हटल्यावर तुला कळणारच." त्यांनी चाचपडत बाईंचा हात धरला. "कळलं ना?"

मी शिट्टीची वाट बघत बसले होते, हे शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आले. त्यांनी ते गिळले.

"हो," त्या म्हणाल्या. "लगेच कळलं. तशीच धावत आले."

"वाटलंच मला," प्राणेशराव म्हणाले आणि त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

गाडी आनेकलच्या वेशीपाशी आली तेव्हा बाईंच्या हातातला हात सैल पडलेला होता. पुढे बसलेल्या मालोजीने सगळं बोलणं ऐकलं होतं. तो मागे न बघता म्हणाला, "दवाखाना आला, अक्का," आणि बैलांचे कासरे ओढून धरले.