पासष्टचा आकडा

दत्तू गडाखसारखा चिकित्सक माणूस अख्ख्या नाशकात शोधून सापडायचा नाही. ओझरच्या विमान कारखान्यात त्याने एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. एखाद्या भागात केसाएवढी खोट दिसली की लाल पट्टी बांधून बाजूला. पास झाला तर हिरवी पट्टी आणि खाली सही. निवृत्त झाला तरी तेच. जित्याची खोड, दुसरं काय!

वैशाखात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, उज्वलाला, तपासलं. साखरेनं दोन्ही पडदे खाल्लेत, म्हणाले, काय बघायचं ते दिवाळीच्या आत बघून घ्या. उज्वला रडली नाही. "मला डोंगरावरचा बर्फ बघायचाय," एवढंच म्हणाली.

दत्तूने जुनी ट्रॅव्हलर घेतली. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सगळं स्वतः बसवलं. आषाढात दोघं गाडीची परीक्षा म्हणून सापुताऱ्याला निघाले आणि घाटात मागचं चाक बसलं. स्टेपनीतही हवा कमी. शेजाऱ्याच्या कारचा हवेचा पंप सोबत होता, पण या चाकांना पासष्ट पाउंड हवा लागते. पंप चाळिसावरच धापा टाकायला लागला, वायरीचा जळका वास आला, संपला कारभार. तीन तास कडेला बसले. उज्वलाने भडंग खाल्लं, ढग बघितले, मजेत होती. दत्तूने मात्र मनाला लावून घेतलं. तिकडे हिमालयात, कुत्रं भेटणार नाही अशा जागी, हिला घेऊन अडकलो तर? भीती वाटत होती बिचाऱ्याला, आणि ती खोटीही नव्हती.

दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो. हा नुसता फुंकतच बसला. मनासारखा पंप मिळाल्याशिवाय निघायचं नाही, म्हणाला. पहिला पंप लायटरच्या सॉकेटवरचा, फ्यूज उडाला. लाल पट्टी, परत. दुसरा बॅटरीला चिमटे लावायचा, ताकदीचा होता, पण काटा चार पाउंड जास्त दाखवायचा. लाल पट्टी. तिसरा तीन चाकं भरून तापला आणि बंद पडला. यांची चाकं सहा. नाशकातल्या द्वारका चौकातला पंपवाला दुकानदार त्याला बघितलं की चहा सांगून आत निघून जायचा.

"तुमचं चाललं असतं तर लग्नात माझा हारही तपासून घातला असता," उज्वला हसायची.

"चार दिवस इकडचे तिकडे. दिसतंय ना तुला?"

"दिसतंय की."

श्रावण गेला, भाद्रपद गेला. चहा ओतताना ती कपात बोट धरायला लागली होती. ते दत्तूला दिसलं नाही. केसाएवढी खोट पकडणारा माणूस, पण त्याचं सगळं ध्यान पंपात.

दसऱ्यानंतर चौथा पंप आला. चिमट्यांचा, न तापणारा, अचूक. वर हे मोठे लाल आकडे. "मुद्दाम तुझ्यासाठी घेतला," दत्तू म्हणाला. ठरलेल्या आकड्याला पंप आपोआप थांबतो यावर त्याचा विश्वास नव्हता. मागच्या चाकाशी तो नळी धरून बसला, उज्वला पंपाशी, आकडा सांगायला. हिरवी पट्टी खिशात तयार होती.

पंप घुरघुरायला लागला. "किती झालं?"

उज्वलाने तोंड पंपाच्या अगदी जवळ नेलं. "पासष्ट."

इतक्यात? दत्तू उठून तिच्या मागे आला. लाल आकडा एकेचाळीस दाखवत होता. उज्वला त्या आकड्याच्या बाजूला, नुसत्या काळ्या प्लास्टिककडे बघत होती. चार महिने पासष्ट, पासष्ट ऐकून तिला तो आकडा पाठ झाला होता.

दत्तूला आता कळलं. आषाढात निघालो असतो, तर तिने बर्फ बघितला असता.

"बरोबर आहे ना हो?" तिने विचारलं. "आता निघायचं ना?"

एकतीस वर्षांत दत्तूने चुकीच्या आकड्याखाली एकदाही सही केली नव्हती.

"बरोबर आहे," तो म्हणाला.