कौसाबाईचा हळू आवाज

ब्राह्मणपुरी गावात कौसाबाईच्या घरातली कुठलीच गोष्ट घरात राहत नसे. त्यात तिचा दोष नव्हता. तिच्या नवऱ्याला, सुकलाल आप्पांना, ऐकू येईनासं होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. "गोयी लिधी का तुम्ही?" गोळी घेतली का, एवढं विचारायलाही तिला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. आप्पा ढिम्म. समोरच्या ओट्यावरून शेजारची दिवलीबाईच उत्तर द्यायची, "लिधी वं माय, मी दखं!"

आप्पांनी आपली एक युक्ती काढली होती. कुणी काही बोललं की मान हलवायची आणि म्हणायचं, "हां, हां." या हां-हांपायी एकदा म्हैस विकली गेली आणि दुसऱ्या दिवशी आप्पाच रिकाम्या गोठ्यात उभे राहून "मन्ही म्हैस कोठे गई?" म्हणून सगळ्यांवर उखडले.

शेवटी लोणखेड्याला नोकरीला असलेल्या मुलानं, नवनीतनं, त्यांना शहाद्याला नेऊन दोन्ही कानांत मशीन बसवून आणलं. त्या दिवशी कौसाबाई चांगलं लुगडं नेसली. आप्पांच्या समोर बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच साध्या आवाजात म्हणाली, "ऐकू येस का?"

आप्पांचा चेहरा वाकडा झाला. "हाऊ तुन्हा आवाज शे? डबामा दगड टाकीसन वाजाडतस, तसं लागस!"

कौसाबाई उठून चुलीपाशी गेली. आप्पांना पंखा, फोडणी, चिमण्या, पेपरची घडी, सगळं एकाच वेळी कानावर आदळत होतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी मशीन काढून डबीत घातलं आणि पुन्हा हां-हां सुरू केलं.

"मी इतला वरीस घसा फाडा," कौसाबाई सुनेला म्हणाली, "आते म्हनतस, डबा!" तिचे डोळे भरले होते. सुनेनं, रोहिणीनं, दुसऱ्याच दिवशी दोघांना गाडीत घातलं आणि मशीन देणाऱ्या शीला मॅडमकडे नेलं.

मॅडमनी मशीनचा आवाज जरा कमी करून दिला. मग म्हणाल्या, "आप्पा, आईंचा आवाज आहे तसाच आहे. कान नुसती वाट आहे, ऐकतो तो मेंदू. स, फ, थ असले बारीक आवाज इतकी वर्षं त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत, म्हणून त्यानं ते काम सोडून दिलं. आता सगळे आवाज एकदम आलेत. कुठला धरायचा, कुठला सोडायचा, हे त्याला कळत नाही. पुन्हा शिकवावं लागेल."

"ह्या वयमा?" आप्पांनी विचारलं.

"या वयातसुद्धा. वेळ लागतो, पण शिकतो तो. मशीन दिवसभर घालायचं. आणि आई, तुम्ही रोज शांत जागी यांच्या पाठीमागे बसून बोलायचं. पुढे बसलात तर हे ओठांवरून ओळखतील. ओरडायचं मात्र नाही. ओरडलं की शब्द फाटतो."

ओरडायचं नाही, हेच कौसाबाईला अवघड गेलं. तिच्या गळ्याचीही सवय मोडलेली होती.

रोज जेवणं आटोपली की मागच्या ओसरीत शाळा भरायची. आप्पा भिंतीकडे तोंड करून खाटेवर, मागे पाटावर कौसाबाई.

"साखर."

"भाकर."

"साखर वो, साखर!"

"हळू बोल वं, भित पडी जाई!"

"ताट."

"खाट. मी खाटवरच बठेल शे."

कौसाबाई कपाळावर हात मारून घ्यायची. कधी आप्पा रुसून शेतात निघून जायचे. पण मशीन कानात ठेवूनच जायचे, एवढं तिनं पाहून ठेवलं होतं.

पुढच्या खेपेला शीला मॅडम म्हणाल्या, "सुटे शब्द पुरे झाले. आता ओळखीच्या माणसांच्या गोष्टी सांगा. कशाबद्दल बोलणार ते आधी सांगायचं, म्हणजे मेंदूला धागा सापडतो."

गोष्टींना काय तोटा! इतक्या वर्षांत हां-हांत बुडालेलं सगळं कौसाबाईनं एकेक करून वर काढलं. कुणाच्या लग्नात कोण जेवल्याशिवाय उठलं, नवनीत महिनाभर बापाशी का बोलत नव्हता, म्हशीचा सौदा नेमका कसा झाला. म्हशीच्या वेळी आप्पा इतके हसले की मशीन शिट्टी मारायला लागलं. होता होता पंखा त्यांच्या कानातून कधी मागे सरला, ते त्यांनाही कळलं नाही. साखर साखरच ऐकू यायला लागली.

एका दुपारी ती म्हणाली, "आज मन्ही मायनी गोष्ट सांगस."

तिची आई माहेरी, प्रकाशा गावी वारली होती. काही वर्षांपूर्वी, तेरावं करून आल्यावर, ती आप्पांजवळ बसून खूप वेळ बोलली होती. आप्पा हां-हां करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "चहा ठेवस का?" तिनं चहा ठेवला. त्यानंतर कामापुरतंच ओरडायचं, एवढंच तिनं बोलणं उरवलं होतं.

आता ती पुन्हा सांगू लागली. शेवटी शेवटी माय कुणालाच ओळखत नव्हती. फक्त कौसाबाईची बांगडी धरून ठेवायची. सोडवली की पुन्हा चाचपायची. आप्पा सवयीप्रमाणे एकेक वाक्य परत म्हणून दाखवत होते. मग थांबले.

"ऐकू येस ना?"

"बांगडी चाचपे," आप्पा भिंतीकडे बघतच म्हणाले. "पुढे सांग."

तिनं शेवटपर्यंत सांगितलं. आप्पा भिंतीकडून तिच्याकडे वळले.

"हाई तू माले पहिले सांगेल व्हतं?"

"व्हतं."

"मंग मी काय म्हनेल व्हतं?"

"चहा मांगेल व्हता तुम्ही."

आप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. मग उठून स्वयंपाकघरात गेले. कौसाबाईला भांड्यांची आदळआपट ऐकू आली. थोड्या वेळानं ते दोन कप घेऊन आले. चहा पाकासारखा गोड होता आणि चहापत्ती गाळायची राहिली होती. कौसाबाईनं तो सगळा प्याला.

उन्हाळ्यात ती भावाकडे प्रकाशाला पापड करायला गेली. चौथ्या दिवशी तिनं घरी फोन लावला. फोन नेहमी रोहिणीच घ्यायची. फोनवरचं बोलणं सगळ्यात शेवटी जमतं, घाई करू नका, असं मॅडमनी बजावलं होतं.

"हॅलो, रोहिणी?"

"मी शे," आप्पा म्हणाले.

"ऐकू येस का तुम्हले?"

"येस ना. तुले सर्दी व्हयनी का वं? आवाज बसेल शे तुन्हा."

सकाळपासून तिचा घसा जरासा धरला होता. घरभर माणसं होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं आणि तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं.

"थोडीशी," ती म्हणाली.

"मंग थंडं पानी पेवू नको. आनि पापड ऱ्हाऊ दे आते, बाकीन्या करतीन. नवनीतले गाडी लिसन धाडस."

"परवा येसू. दोन दिवसनं काम शे."

"बरं, परवा. सकायलेच धाडस."

फोन ठेवल्यावर भावजयीनं विचारलं, "कोन व्हतं?"

"आमना घरना," कौसाबाई म्हणाली. तिनं पदर तोंडाला लावला आणि घशासाठी भावजयीकडे आल्याचा तुकडा नि गूळ मागितला.