पंपाला पालक मिळेना

यंत्रांनाही आईबाप लागतात, हे करुणाला देखभालीच्या नव्या सॉफ्टवेअरने शिकवलं. तोवर तिच्या लेखी मोटर म्हणजे मोटर होती; फिरली तर ठीक, नाही तर उघडायची. आता मात्र मोटरची आई पंप, पंपाची आई लाइन, लाइनची आई विभाग, असं करत सगळं खानदान थेट कारखान्यापर्यंत नेऊन भिडवायचं होतं. खाली एखादं बेअरिंग रुसलं, की त्याचा ठपका वर विभागाच्या नावावर दिसणार. कोण सारखं आजारी पडतंय ते मालकांना बसल्या जागी कळावं, एवढाच त्या खटाटोपाचा हेतू.

कारखाना रत्नागिरीच्या एमआयडीसीतला, आंब्याचा पल्प काढणारा. मालकीण राजश्रीताई. त्यांनी करुणाला पहिल्या दिवशीच स्वच्छ सांगितलं होतं, "आंबा सुरू व्हायच्या आत हे नीट चालू करून दाखव, देखभाल विभाग तुझा. नाहीतर पुण्याची एजन्सी आपला माणूस बसवेल." करुणा वाशीची नोकरी सोडून गावी आईजवळ परत आली होती. इथे जमलं नाही तर पुन्हा वाशी. आणि वाशीला तिला जायचं नव्हतं, अजिबात नव्हतं.

ती कामाला लागली आणि सुरुवातच चुकली. यंत्र कुठे आहे हे विचारायचं सोडून ती विचारत सुटली, हे कोणाचं? तिला तरी काय बोलणार! आपल्याकडे जमीन एका भावाची आणि तिच्यातला फणस दुसऱ्याचा, हे पोराला बाराखडीच्या आधी कळतं.

"पाण्याचा मोठा पंप माजा," पल्प विभागाचे काशीरामकाका म्हणाले. "पल्पसाठीच आणलानी तो."

"पन उभा कुठं हाय? माज्या भिंतीला!" शीतगृह सांभाळणारा बाबल्या उसळला. "आनि पानी जास्त कोनाला लागतंय? मलाच ना?"

हवेच्या कॉम्प्रेसरवरून तेच, जनरेटरवरून तेच. शेवटी वैतागून करुणाने समजावलं, की बाबांनो, यंत्र ज्याच्या नावावर, त्याच्याच नावावर त्याचं बंद पडणं मोजलं जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीरामकाका आपणहून आले. "बाय माजे, तो पंप बाबल्याचाच हो. मी रात्री नीट इचार केला."

"माजा कुठला?" बाबल्या मागेच उभा होता. "आमी फक्त पानी घेतो. शेजाऱ्याच्या इहिरीचं घेतो तसं."

काल ज्यांच्यावरून भाऊबंदकी पेटली होती, ती तिन्ही यंत्रं आज अनाथ झाली. सॉफ्टवेअर तर हटून बसलेलं. पालक निवडल्याशिवाय ते पुढे सरकेना. करुणाने कपाळाला हात लावला. सगळ्या कारखान्यात भांडायला कोणी नाही अशी एकच जागा होती, राजश्रीताईंची केबिन. तिच्याखाली एक एसी आणि एक पंखा, बस्स. तिने तिन्ही यंत्रं तिथे टाकली. नंतर हलवू, असं म्हणाली. आपण सगळेच म्हणतो तसं, आणि सगळ्यांसारखीच विसरली.

मार्चअखेरीस राजश्रीताईंनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. करुणाने ऐटीत तक्ता उघडला; जिथली यंत्रं जास्त बंद पडली, तिथली पट्टी उंच. पल्प विभागाची पट्टी छोटीशी, शीतगृहाची त्याहून छोटी, आणि सगळ्यांच्या वर मान काढून उभी एक लालभडक पट्टी: राजश्रीताईंची केबिन.

"माझी केबिन इतकी बंद पडते?" ताईंनी चष्मा वर केला. "मी तर रोज इथेच बसते."

काशीरामकाका छताकडे बघायला लागले. बाबल्याला खोकला आला. सॉफ्टवेअरची गडबड आहे, असं म्हणून सुटता आलं असतं. करुणाच्या ओठांवर ते आलंही होतं. पण मग सीझनभर या तक्त्यावर विश्वास कोण ठेवणार?

"चूक माझी आहे, ताई," ती म्हणाली. ती रडायच्या बेतात होती. "तीन यंत्रं कोणी आपली म्हणेना, म्हणून मी तुमच्या नावावर टाकली. आणि हलवायची राहिली."

"कुठली तीन?"

करुणाने पट्टीवर बोट ठेवून ती उघडली. पंप, कॉम्प्रेसर, जनरेटर. ताईंनी काशीरामकाकांकडे मान वळवली.

"नवा पंप कधीपासून मागताय तुम्ही माझ्याकडे?"

"झालीत दोन-तीन वर्सं," काका चाचरत म्हणाले.

"कॉम्प्रेसर, बाबल्या?"

"त्यापरीस जास्त."

"आणि मी दर वेळी म्हणते, बघू." ताईंना हसू आलं, पण ते फार सुखाचं नव्हतं. "म्हणजे ही बंद पडतात ती माझ्यापायीच. करुणा, योग्य जागीच टाकलीस गो. नवी येईपर्यंत राहू देत माझ्याच नावावर, रोज डोळ्यांसमोर दिसतील. पंप या आठवड्यात मागव. बाकीचे मागोमाग."

नवा पंप म्हटल्याबरोबर काशीरामकाकांचा चेहरा उजळला. "तसा तो पल्पचाच हो, ताई."

"भिंत माजी हाय!" बाबल्याचा खोकला पार बरा झाला होता.

"आता कोणाचा ते मी विचारणारच नाही," करुणा म्हणाली. आपला आवाज इतका चढेल असं तिलाही वाटलं नव्हतं. "उभा जिथे, तिथला."

राजश्रीताईंनी पडद्याच्या अगदी वरच्या टोकाला बोट नेलं. कारखान्याच्या नावासमोर जबाबदार व्यक्तीचा रकाना रिकामा होता.

"इथे कोण?"

"पुण्याचे लोक आले की..." करुणा पुटपुटली.

"ते येत नाहीत. तुझं नाव घाल."

करुणाने नाव घातलं, आडनावासकट. तेवढ्यात बाहेर, ज्याच्यामुळे हे सगळं घडलं, त्या पंपाने एक लांब खरखर केली आणि तो बंद पडला. तिघांनीही वळून करुणाकडे पाहिलं. पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहिलं नाही. करुणा पाना घेऊन उठली. पंप बंद पडल्याचा इतका आनंद त्या कारखान्यात आजवर कोणाला झाला नसेल.