हयातीचं रजिस्टर

आमच्या बँकेला यंदा शंभर वर्षं झाली आणि तिचा इतिहास लिहायला मीच बरा सापडलो. मी माधवराव, इथला निवृत्त हेडक्लार्क. बँक सुरू झाली पेणच्या बाजारपेठेत, पोह्यांच्या गोदामावरच्या एका खोलीत. पुढे शेजारीच दगडी इमारत बांधली. माझी पस्तीस वर्षं तिच्यात गेली. बारा वर्षांपूर्वी सगळा कारभार हायवेवरच्या काचेच्या खोक्यात गेला. त्याला मी इमारत म्हणत नाही.

जुने फोटो शोधायला दुपारी दगडी इमारत उघडून घेतली. शिपाई हिरामण दारातच थांबला. "तुमीच जावा साहेब. मना आत बरा नाय वाटत."

फोटो नाही मिळाले. माझ्या टेबलावर हयातीचं रजिस्टर मात्र होतं. पेन्शनवाले दर नोव्हेंबरात येऊन, आपण जिवंत आहोत म्हणून त्यात सही करायचे. शेवटची नोंद बारा वर्षांपूर्वीची असायला हवी होती, पण पानं पुढेही भरलेली होती, अगदी या वर्षापर्यंत. नावं ओळखीची आणि सह्याही खऱ्या. सह्या ताडून पाहण्यात माझा जन्म गेलाय. त्यातल्या निम्म्यांना मी स्वतः खांदा दिला होता. प्रत्येकापुढची तारीख त्याच्या मरणाच्या दिवसाची होती.

शेवटच्या पानावर माझ्या बायकोची, वत्सलाची सही दिसली. ती गेल्या श्रावणात गेली, तीच तारीख. मी सहीवर बोट ठेवून उभा राहिलो. भीती नाही वाटली, नुसतं रडू आलं.

भीती वाटली ती खालच्या ओळीची. तिथे आजची तारीख होती आणि नाव सुश्रुतचं. आमचा एकुलता एक मुलगा. त्याला कसलं पेन्शन? नागोठण्याच्या कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून तो याच वेळी मोटरसायकलवरून घरी येतो. सहीची जागा अजून कोरी होती. मी दोनदा फोन लावला, त्याने उचलला नाही.

मग खिशातलं पेन काढलं. त्याच्या नावावर सरळ रेघ मारून वर माझं नाव लिहिलं. शेजारी सही नसेल तर बँकेत खाडाखोड ग्राह्य धरत नाहीत, म्हणून तिथे सही केली आणि दुसरी कोऱ्या जागेत. दोन्ही तंतोतंत जुळल्या.

फोन वाजला.

"बाबा, वाटेत गडब गावाजवळ गाडी घसरली. मागचा ट्रक अगदी डोक्याशी येऊन थांबला. पण खरचटलंसुद्धा नाही. तुम्ही कुठे आहात? घ्यायला येऊ?"

"नको," मी म्हटलं. "तू सरळ घरी जा. सावकाश जा."

हिरामणने बाहेरून विचारलं, "साहेब, झाला काय काम?"

"झालं," म्हटलं, आणि माझ्या जुन्या खुर्चीत बसलो.