बेव्ह मावशीला गेलेला एक्स

जोडी, चहा राहू दे, आधी ऐक. मधे बोलू नकोस, नाहीतर माझं काहीतरी सुटेल.

आमच्या आईचं आणि बेव्ह मावशीचं माहितीय ना तुला? आजीच्या मयताहून आल्यावर चहा होता, तिथे आई सगळ्यांसमोर म्हणाली, "बेव्ह, ही हॅमची सँडविचं काल केलीस की परवा?" झालं. सख्ख्या बहिणी, दोघी इथेच हल शहरात, पण त्या दिवसापासून मेसेजच्या शेवटचा एक्स बंद. अबोला नाही, काही नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा यायच्या, पण शेवटी नुसता पूर्णविराम. आता तू म्हणशील, एक्स म्हणजे काय, पाप्याच्या नावाने टाकलेलं एक अक्षर, त्याचं काय एवढं. आपण तर गटार मोकळं करायला येणाऱ्यालाही टाकतो. पण जिथे रोज असायचा तिथे नसला की टोचतो गं. मेसेज आला की आई आधी शेवट बघायची, मग फोन उपडा ठेवायची. स्वतः मात्र टाकायची नाही. म्हणे, "तिने आधी टाकावा. धाकटी ती आहे."

तर परवा आई मागच्या पायरीवरून घसरली. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. मग टाइप करायला कोण, मी. सोफ्यावरून सांगते, "बेव्हला कळव. मनगट मोडलंय. काळजीचं काही नाही. यायची गरज नाही." मी लिहिलं, आणि सवयीने अंगठा गेला ना, एक्स पडला, मेसेज सुटला. आईच्या फोनवरून, आईच्या नावाने.

पुसावा म्हटलं तर तिकडे 'मेसेज काढून टाकला' असं दिसणार. म्हणजे पापा देऊन परत मागितल्यासारखं. त्यापेक्षा न दिलेला बरा. तेवढ्यात निळ्या खुणा आल्या. वाचला तिने. उत्तर नाही. मी फोन उपडा ठेवून दिला.

आणि थोड्या वेळाने दारात बेव्ह मावशी. दुकानातला ॲप्रन अंगावर तसाच, हातात फॉइल लावलेलं स्ट्यूचं भांडं, डोळे सुजलेले.

आई म्हणते, "येऊ नको म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस. पण एक्स टाकलास."

"मी?"

"मग काय पोस्टमनने? लॉरेन, तुझा एक्स बघून सिग्नलला गाडीत बसून रडले मी. मागच्याने हॉर्न मारला तेव्हा कुठे हलले."

आईने माझ्याकडे बघितलं. माझे कान तापले. वाटलं, आता ही माझं नाव घेणार, तो केरीचा होता म्हणून. मग मावशी भांडं घेऊन आल्या पावली परत, आणि दोघींची गाठ पुन्हा कोणाच्या तरी मयतालाच पडणार.

"केरी," आई म्हणाली, "मी सांगितला होता का गं एक्स?"

आता काय सांगितलं ते तिला माहीत नाही होय? तरी मलाच विचारते.

"हो," मी म्हटलं. "शेवटी म्हणालीस की."

"मग म्हणाले असेन. गोळ्यांनी गुंगी येते." आणि मावशीकडे वळून, "उभी काय राहिलीस, ओव्हन लाव. मीठ घातलंयस ना या खेपेला?"

"भरवायला मीच लागणारे तुला, जपून बोल," मावशी म्हणाली. आणि हसल्या की दोघी.

इथवर ठीक. पण आज सकाळी आई म्हणते, "बेव्हला लिही. भांडं धुऊन ठेवलंय, घेऊन जा." मी लिहिलं, वाचून दाखवलं.

"झालं?" ती म्हणाली.

"तुझं झालं का?"

हो नाही, नको नाही. बघत होती टीव्हीकडे, पण आवाज बंद केलेला. परवाचा एक्स चुकून गेला तो गेला. पण आता टाकला तर मी जाणूनबुजून तिच्या नावाने पापे वाटत सुटले असं होणार. नाही टाकला तर मावशी पुन्हा त्या शेवटाकडेच बघत बसणार. माझा अंगठा तसाच फोनवर अधांतरी. सांग ना जोडी, तू काय केलं असतंस?