उत्तर न आल्यास

आसराबाईचं पोस्टकार्ड आलं त्या दिवशी रामकिसनरावांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि टेबलावरच्या जाड शब्दकोशात खुणेसारखं ठेवून दिलं. उत्तर उद्या लिहू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. तो उद्या काही उजाडला नाही.

आसराबाई त्यांची थोरली बहीण. वडीगोद्रीला मुला-सुनेजवळ राहायची. कान पार गेले होते, त्यामुळे फोन तिच्या काही कामाचा नव्हता. पण प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली अक्षरं तिनं जपून ठेवली होती. ती अजून कार्ड लिहायची, एका ओळीत चार शब्द मावतील एवढ्या मोठ्या अक्षरात.

"चि. रामास आशिर्वाद. तू दिल्याली चहाची साय बरी हाय. पर काचची बरनी फुटली. साय सध्या चिनीच्या कपात ठिवली. आईचं पितळंचं पातेलं काढलं, नवी कल्हई करून घेतली. आरशावानी झालंय. त्याच्यात घातलं तर चालंल का? बाळाच्या जावळाला समद्या बायांना पाजायचं हाय. उत्तर न आल्यास चालतं आसं समजते."

शेवटची ओळ परक्या माणसाला साधी वाटली असती. पण ती त्या घराची रीत होती. वडील मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर असत. तिकडून कुणाकडून तरी कार्ड लिहून घेत आणि खाली हेच घालत: उत्तर न आल्यास येतो असे समजावे, उत्तर न आल्यास सोयरीक पक्की समजावी. त्या घरातून पोस्टात पडायचा तो नकार. होकारासाठी कुणी कार्ड वाया घालवत नसे. आसराबाईचं लग्नसुद्धा असंच ठरलेलं. न गेलेल्या उत्तरावर.

आणि हे रामकिसनरावांना पक्कं माहीत होतं.

मग लिहिलं का नाही? लिहिलं होतं. "चालणार नाही" असं लिहिलं आणि फाडलं. कारण खात्री नव्हती. जन्मभर वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलेला माणूस. कुणी काही विचारलं की "बघून सांगतो" म्हणायची सवय हाडात मुरलेली. बघितल्यावरही सांगायचा धीर होत नसे, ती गोष्ट वेगळी.

ही चहाची साय त्यांच्याकडे आली ती नातीमुळे. आकांक्षा पुण्याला शिकायला जाताना काचेची बरणी त्यांच्या हवाली करून गेली. आत तांबूस पाणी आणि वर तरंगणारी जाड, बुळबुळीत चकती.

"आजोबा, याला कोंबुचा म्हणतात. ही वरची चकती जिवंत आहे. साखर घातलेला कोरा चहा पूर्ण गार करून द्यायचा, मागचं थोडं आंबट पाणी त्यात ठेवायचं, तोंडाला फडकं बांधायचं. ऊन नको, फ्रीज नको. वर केसाळ बुरशी दिसली तर सगळं फेकायचं, काढून-बिढून टाकून प्यायचं नाही."

"आणि मेली तर?"

"मेली तर मेली! घाबरता काय?"

पण ते घाबरले होते. पहिल्या दिवसापासून. चकतीखाली तपकिरी तंतू लोंबले, घाबरले. चकती बुडाली, घाबरले. जालन्याच्या उन्हाळ्यात चहा इतक्या लवकर आंबट झाला की घोट घेताच डोळे मिटले, तेव्हाही घाबरले. तरी बरणी टिकली. सायीवर साय धरली. आसराबाई भेटायला आली तेव्हा तिला चव आवडली आणि सायीचा एक पदर सोडवून त्यांनी तिला दिला. आयुष्यात प्रथमच कुणाला काही जिवंत दिलं होतं, या आनंदात धातूचं भांडं नको हे सांगायचं राहून गेलं.

धातू नको हे त्यांनी वाचलं होतं. पण कल्हई? कल्हईच्या भांड्यात आईचं ताक असायचं, चिंचेचं सार उकळायचं. बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकतं हे तर सगळ्यांनाच माहीत. पण कल्हई लावल्यावर? दिवसेंदिवस आंबट राहिलं तर? हे कुठल्याच पानावर सापडेना. शिवाय ते पातेलं आईचं. आक्कानं इतक्या हौसेनं काढलेलं. त्याला नको कसं म्हणायचं? म्हणून त्यांनी घरातल्या कल्हईच्या एका वाटीत थोडं आंबट पाणी ओतलं, झाकून फळीवर ठेवलं. वाटी बघून लिहू. आणि वाटी विसरून गेले.

ती आठवली जावळाच्या दिवशी सकाळी.

फडकं उचललं आणि आधी वास आला. घामेजल्या मुठीतल्या नाण्यांना यावा तसा. कल्हई काळवंडली होती, तळाशी पिवळं पितळ उघडं पडलं होतं आणि पाण्याच्या कडेला हिरवट वेढा धरला होता. रामकिसनराव वाटी हातात घेऊन उभे राहिले. मग ती त्यांनी मोरीत ठेवली, तान्ह्या मुलासारखी सांभाळून, जणू तिला धक्का लागला तर तिकडे काही होईल.

त्यांनी आसराबाईच्या मुलाला, सुग्रीवला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. जावळाची गडबड, कोण उचलतो? मग आकांक्षाला लावला.

"कोंबुचा पितळेत ठेवला तर काय होतं गं?"

"पितळेत? आजोबा, विष होईल ते. तांबं उतरतं पाण्यात. आणि कल्हईवाल्यानं शिसं मिसळलं असेल तर आणखीनच. लहान मुलांना तर अजिबात... का? कुणी ठेवलाय?"

"छे छे. सहज. वाचताना आलं."

फोन ठेवल्यावर आपण खोटं बोललो याची त्यांना लाज वाटली. पण लाजेला बसायला जागाच नव्हती, सगळी जागा भीतीनं घेतली होती.

जुन्या जालन्याच्या गल्लीतून ते जवळजवळ पळतच निघाले. धान्याच्या दुकानासमोर पोत्यांचा टेम्पो आडवा लागला होता, रिक्षा अडकल्या होत्या. एरवी ते बाजूला उभे राहून वाट बघत. आज पोत्यांमधून तिरके घुसले. हमाल म्हणाला, "काका, जरा दमानं! कुणी मेलंय का?" त्या शब्दानं त्यांचे पाय क्षणभर खिळले.

एस.टी. अंबडला थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. रामकिसनराव खिडकीपाशी बसून रस्त्याकडे बघत होते आणि त्यांना दिसत होतं ते एकच: छकुली. सुग्रीवची थोरली पोर, पाच वर्षांची, गोड-आंबट काहीही दिसलं की पेला पुढे करणारी. आसराबाई पहिला पेला तिलाच देणार. उतरून ड्रायव्हरला सांगावं, जल्दी करा, असं दहादा मनात आलं. काय सांगणार? बहिणीनं पत्र लिहिलं होतं आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून गाडी हाका?

शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "बाबा, जीव घाबरा होऊन राह्यला का? पाणी देऊ?"

त्यांनी मान हलवली. हो की नाही, तेही धड कळलं नाही.

वडीगोद्रीला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. घर हायवेपासून आत. लांबूनच मांडव दिसला, बायांचा गलका ऐकू आला. न्हावी आपली पेटी आवरत होता, म्हणजे जावळ उरकलं होतं. मांडवात बाया मांडी घालून बसलेल्या. ओट्यावर आईचं पातेलं, बाहेरून चिंचेनं घासून सोन्यासारखं केलेलं. त्याच्या शेजारी आसराबाई, हातात डाव. भाचेसून शालू पेल्यांचं ताट घेऊन उभी. आणि पातेल्याला टेकून छकुली, दोन्ही हातांनी पेला धरून.

रामकिसनरावांना उभ्या जन्मात चारचौघांत मोठ्यानं बोलता आलं नव्हतं. वाचनालयाच्या निरोपसमारंभात दोन वाक्यं बोलायची होती, तीसुद्धा कागद घडी करून खिशात घातली होती. आता घशातून जे निघालं ते त्यांचं त्यांनाच ओळखू आलं नाही.

"पिऊ नका! कुणी पिऊ नका! विष हाय त्येच्यात!"

छकुलीनं पेला ओठाला लावला होता, तशीच ती थांबली, डोळे मोठे करून. रामकिसनराव बायांच्या मधून, कुणाच्या पदरावर पाय देत पुढे धावले आणि तिच्या हातावर फटका मारला. पेला उडाला. पोर किंचाळली.

"अवो मामा!" शालू ताट टाकून धावली. "येड लागलं का तुमाला? जावळाच्या दिवशी पोरीला मारून राह्यले!"

"प्याली का ती? शालू, आधी सांग, प्याली का?"

"ओठाला लागलं आसंल. काय झालंय काय?"

त्यांनी उपरण्यानं छकुलीचे ओठ पुसले, तिला चूळ भरायला लावली, पुन्हा लावली. ती हुंदके देत म्हणाली, "जालन्याचा आजा वाईट हाय." कुठल्याशा बाईनं मागून टोला हाणला, "भाऊ, विष आसंल तर आमाला आधी सांगायचं, मी सासूला बलावलं आस्तं!" एक-दोघी हसल्या. रामकिसनरावांना हसू नाही आणि रडूही नाही.

आसराबाईला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. तिनं फक्त बघितलं होतं: भाऊ आला, वरडला, नातीला मारलं. तिचा चेहरा आंबला होता. आणि आता जवळून त्यांना दिसलं, तिचे डोळे खोल गेलेत, ओठ कोरडे आहेत.

"आक्का, तू पिलीस का हे?" त्यांनी पातेल्याकडे आणि तिच्या तोंडाकडे बोट केलं.

"चव बघितली की. परवा पेलाभर, काल पेलाभर."

"आनि दोन दिस उलट्या करून राह्यल्या," शालू म्हणाली. "म्या म्हणलं दवाखान्यात चला, तर म्हनत्यात, जावळ हू दे."

रामकिसनराव ओट्याच्या कडेला बसले. मग उठले, पातेलं उचललं, परसात नेऊन उकिरड्यावर उपडं केलं. साय लदकन पडली, करडी, हिरवट झाक मारणारी. जिवंत होती की मेलेली, त्यांनी बघितलं नाही. रिकामं पातेलं आणून त्यांनी आसराबाईपुढे धरलं. आत पाण्याच्या रेघेपर्यंत आरसा राहिला नव्हता. मळकट डाग आणि मधेच उघडं पितळ.

आसराबाईनं बोट फिरवलं. बोटाकडे बघितलं.

सुग्रीवनं गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी आसराबाईला सलाईन लावलं, छकुलीचं पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, पोरीला काही नाही म्हणाले. आजीच्या रक्ताची तपासणी करायला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत थांबवून ठेवलं. रामकिसनराव बाहेरच्या बाकावर बसले होते. दार उघडलं की दचकत होते. छकुली शेजारी येऊन बसली, पण दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

उन्हं कलल्यावर त्यांना आत सोडलं. आसराबाईचा आवाज बारीक झाला होता.

"समद्या भावकीपुढं माझं हसं केलंस रामा."

"आक्का, चुकलं माझं. मी लिहायला पाहिजे होतं. मला खात्री नव्हती, म्हणून..." ते तिच्या कानाशी ओरडून सांगू लागले. नर्सनं बघितलं. आसराबाईनं हात हलवला.

"मला काय बी ऐकू यीना. वरडू नगंस. ईचारलं तवा गप बसलास, मंग मी समजले चालतं. बराबर समजले का न्हाई?"

त्यांनी मान खाली घातली.

"आता तोंडानं सांगून उपेग न्हाई. कागदावर लिवून धाड. मी दाखविते समद्या बायांला, का म्हणून सांडलं त्ये. न्हाईतर जलमभर म्हनतील, आसराबाईचा भाऊ येडा हाय."

तिचा हात थंड होता. त्यांनी तो धरून ठेवला. तिनं काढून घेतला नाही.

जालन्याला परतल्यावर रात्रभर ते फोनकडे बघत राहिले. सकाळी सुग्रीवचा फोन आला: आईनं भाकर खाल्ली, उलटी नाही, रक्ताचं उद्या कळेल. तेव्हा त्यांनी शब्दकोशातून कार्ड काढलं, कोरं कार्ड पुढे घेतलं.

"प्रिय आक्कास, नाही. चालत नाही. पितळेत नाही, कल्हई केली तरी नाही. आंबट पाणी कल्हई खातं आणि खालचं पितळ त्यात उतरतं. मी वाटीत बघितलं, तू पातेल्यात बघितलंस. तू विचारलं होतंस तेव्हाच मी हे लिहायला हवं होतं. दोष माझा आहे, हे सर्वांना वाचून दाखव. नवी साय काचेच्या बरणीत घेऊन मी स्वतः येईन. तुला नको असेल तर लिही. उत्तर न आल्यास," इथे पेन थांबलं. मग त्यांनी ते तीन शब्द खोडले आणि लिहिलं, "हवी असेल तरीही लिही."

पोस्टाच्या पेटीपाशी आले तेव्हा सवयीनं हात अडकला. रक्ताचं उद्या कळणार होतं. आत्ताच पाठवावं का? उद्या निदान काय ते कळल्यावर, नीट, खात्रीनं... मागून स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला. रामकिसनराव दचकले आणि बोटांमधून सुटून कार्ड पेटीत पडलं. त्यांनी फटीत डोळा लावून बघितलं. आत अंधार होता, काहीच दिसत नव्हतं. कार्ड आता परत काढता येण्यासारखं नव्हतं.